मीटिंग कुठं भरते, हे विचारायचं कुणाला?

"ह्यांना जरा कणकण आहे, आज येणार नाहीत ऑफिसला." हा फोन तुम्ही कधी केला आहे का? नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्याला, "ह्यांना अचानक बाहेरगावी जावं लागलं," असं सांगून एकट्याच गेला आहात का? संध्याकाळी जिन्यात पाऊल वाजलं की नुसत्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार, ते तुम्हाला कळतं का? कळत असेल, तर आजचं हे पान तुमच्यासाठी आहे. कळत नसेल तर उत्तमच, पण तरी वाचून ठेवा. तुमच्याच बिल्डिंगमध्ये कुणाला तरी ते कळत असतं आणि ती तुम्हाला आपण होऊन कधीच सांगणार नाही.

दारूबद्दल बोलायचे आपल्याकडं दोनच सूर आहेत. एक व्याख्यानाचा, दुसरा गटारी अमावास्येच्या विनोदांचा. जिच्या घरात रोज रात्री नऊ वाजता बाटली उघडते, तिला या दोन्हींचा काडीचा उपयोग नसतो. तिला हवं असतं ते अगदी साधं. कुणाकडं जायचं, पत्ता काय, वार कोणता, पैसे किती पडतात, आणि ही गोष्ट सासरी कळेल का?

पैशाचं आधी सांगून टाकते, कारण पुष्कळ जणी तिथंच अडतात. फी काही नाही. एक रुपयासुद्धा नाही.

'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. बोलताना सगळे 'ए. ए.' म्हणतात. अर्थ साधा आहे, नाव न सांगणारे दारुडे. ज्यांची दारू सुटत नव्हती आणि आता सुटली आहे, असे लोक आठवड्यातून ठरल्या वारी एकत्र बसतात आणि एकमेकांना सुटलेली ठेवायला मदत करतात. डॉक्टर नाही, भाषण नाही, हजेरीपट सुद्धा नाही. आत यायला एकच अट, पिणं थांबवायची इच्छा. थांबलेलंच असलं पाहिजे असंही नाही, इच्छा पुरते.

याची सुरुवात कशी झाली ती गोष्ट मला फार आवडते, कारण ती सुद्धा पत्ता शोधण्याचीच गोष्ट आहे. बिल विल्सन हा न्यूयॉर्कमधला शेअरबाजारातला माणूस. दारूनं पार धुळीला मिळालेला. डिसेंबर १९३४ मध्ये त्याची सुटली. पाच महिन्यांनी, मे १९३५ मध्ये, तो ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी एका कामासाठी गेला आणि ते काम फिसकटलं. परकं गाव, खिशात फारसे पैसे नाहीत, आणि हॉटेलच्या दिवाणखान्यात एका बाजूला बारमधला हसण्याखिदळण्याचा आवाज. दुसऱ्या टोकाला होता टेलिफोन आणि शेजारी गावातल्या चर्चची यादी. बिलला एवढं कळून चुकलं होतं की आज आपल्याला वाचवणारा कुणी साधू नको की वैद्य नको, आपल्यासारखाच एखादा दारुडा हवा. त्यानं यादीतल्या लोकांना फोन करायला सुरुवात केली. या फोनवरून त्या फोनवर असं होत होत एका बाईंपर्यंत पोचला. त्यांच्या ओळखीत एक शल्यविशारद होते, डॉ. बॉब स्मिथ. हात कापायचे, व्यवसाय बसत चाललेला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले ते, "पंधरा मिनिटं बसेन," या बोलीवर. बसले सहा तास! याचं कारण, हा माणूस उपदेश करत नव्हता, स्वतःचंच सांगत होता. १० जून १९३५ हा डॉक्टरांचा पिण्याचा शेवटचा दिवस, आणि तोच ए. ए. चा जन्मदिवस मानतात.

आपल्याकडं हे आलं १९५७ च्या सुमाराला, मुंबईत. आज मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, गोवा इथं गट आहेत, कितीतरी लहान गावांतही आहेत. इंग्रजी, हिंदी, मराठी, कोकणी, जिथं जी भाषा चालते त्या भाषेत. जगात म्हणाल तर १८० च्या आसपास देशांत आहेत. तेव्हा परदेशात असलेल्या लेकीच्या घरी हा प्रश्न असला, तर तिच्या गावातही शोधता येईल.

आत काय चालतं?

तुम्ही म्हणाल, नवऱ्याला पाठवायचं तर आत काय चालतं ते कळायला हवं. बरोबर आहे तुमचं.

मीटिंगा दोन तऱ्हेच्या असतात. 'क्लोज्ड', म्हणजे फक्त ज्यांना स्वतःला दारूचा प्रश्न आहे त्यांच्यासाठी. आणि 'ओपन', म्हणजे बायको, आई, भाऊ, कुणीही जाऊन बसावं. पहिल्यांदा जायचं तर ओपन मीटिंगला जा. तुम्ही एकट्या गेलात तरी चालतं.

जागा बहुतेक शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, एखाद्या संस्थेची खोली अशी असते. बाकावर पंधरा-वीस माणसं. कुणी बँकेतला, कुणी रिक्षावाला, कुणी वकील. एक जण सुरुवात करतो. मग ज्याला बोलायचं तो उठतो, पहिलं नाव फक्त सांगतो, आडनाव नाही. मी दारुडा आहे, असं म्हणतो. आणि बोलतो. पहिली कधी घेतली, नोकरी कशी गेली, मुलीच्या फीचे पैसे कसे उडवले, आणि आता किती दिवस झाले. मधे कुणी अडवत नाही, सल्ला देत नाही, "अरेरे" करत नाही. तास-दीड तासानं संपतं. चहा होतो. एक पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात ज्याला जमेल त्यानं दहा-वीस रुपये टाकायचे, जागेचं भाडं आणि चहासाठी. नव्या माणसाकडून अपेक्षा नसते. बाहेरच्या कुणाची देणगी हे लोक घेतच नाहीत. अमेरिकेत सुरुवातीच्या दिवसांत रॉकफेलरसारख्या कुबेराकडं मोठी रक्कम मागायला गेले होते. तो म्हणाला, पैशानं हे बिघडेल. ते पटलं आणि पुढं नियमच होऊन बसला.

एक गोष्ट पाहून नव्या माणसाला आश्चर्य वाटतं. मीटिंगमध्ये हसतात! आपल्या घरात ज्या प्रकारावर रडारड झाली, त्याच तऱ्हेचा प्रकार तो मनुष्य सांगतो आणि बाकीचे खो खो हसतात. बायकोला क्षणभर राग येतो. पण पाहा, ते तुमच्या दुःखाला हसत नसतात. बाटली कुठं लपवली, कशी थाप मारली, ती आपलीच युक्ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की माणसाला आरसा दिसतो. घरी तुम्ही शंभर वेळा सांगितलेलं जे डोक्यात शिरलं नाही ते इथं शिरतं, कारण सांगणारा त्याच्यावर चिडलेला नसतो.

बारा पायऱ्या आहेत त्यांच्या. सगळ्या इथं देत बसत नाही. पहिली, दारूपुढं माझं काही चालत नाही हे कबूल करणं. पुढं आठव्या-नवव्या पायरीवर, आपण ज्यांना ज्यांना दुखावलं त्यांची यादी करायची आणि जमेल तिथं भरपाई करायची. या यादीत तुमचं नाव असणारच. तेव्हा एखाद्या दिवशी नवरा समोर बसून जुन्या गोष्टी काढू लागला तर दचकू नका, आणि लगेच सगळं माफ केलंच पाहिजे असंही समजू नका.

बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख येतो म्हणून, "हे ख्रिस्ती लोकांचं काहीतरी आहे," असा समज आपल्याकडं आहे. जागा चर्चमध्ये असते त्यामुळं तो आणखी पक्का होतो. तसं नाही. 'आपल्याला जसा समजेल तसा देव', असंच त्यांचं म्हणणं. कुणी विठोबा धरतो, कुणी काहीच न धरता समोर बसलेल्या माणसांनाच आपल्याहून मोठी शक्ती मानतो. धर्म बदला, माळ घाला, असं कुणी सांगत नाही. तुमच्या नवऱ्याला देवाधर्माचं वावडंच असेल, तर मानसोपचार विभागातले गटही असतात. त्याविषयी पुढं.

उपयोग होतो का हो याचा? सगळ्यांना होतो असं मी म्हणणार नाही. पुष्कळ जण दोन मीटिंगा करून पुन्हा गुत्त्यावर जातात. काही वर्षभरानं घसरतात आणि परत येतात. पण २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेनं २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं यांचा आढावा घेतला. पूर्णपणे दारू सोडून राहण्याच्या बाबतीत ए. ए. आणि तिच्या पायऱ्यांवर नीट आखलेले उपचार हे इतर ठरलेल्या उपचारांच्या तोडीचे किंवा त्याहून सरस ठरले. बाकावर बसून फुकटच्या चहाबरोबर एकमेकांशी बोलणाऱ्या माणसांसाठी हे थोडकं नाही.

"मी काय बेवडा आहे?"

आता खरी अडचण. तुम्ही पत्ता आणाल, पण हे जातील का? "मी काय बेवडा आहे? स्वतःच्या पैशानं पितो," हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती घरांत बोललं जात असेल!

हा विषय काढायची वेळ महत्त्वाची. प्यायलेल्या माणसाशी वाद घालणं म्हणजे रेडिओशी भांडणं. रात्री काही बोलू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, अंग जड आहे, काल काय झालं ते अर्धवट आठवतं आहे, मनात शरम आहे, तेव्हा. तीही चारचौघांत नाही, सासूबाईंसमोर नाही, मुलांसमोर तर मुळीच नाही. "तुम्ही दारुडे आहात," असं न म्हणता, "काल रात्री तुम्ही स्कूटरवरून पडलात आणि मी घाबरले," एवढंच म्हणा. घडलेली गोष्ट आणि तिचं तुम्हाला काय झालं, एवढंच. मग पत्ता द्या. गेले तर उत्तम. नाही गेले, तर कागद टेबलावर राहू द्या. आज फेकून दिलेला कागद सहा महिन्यांनी स्वतःच शोधून काढणारे पुरुष असतात. ए. ए. चा माणूस भेटायला घरी येऊ शकतो का, हेही फोनवर विचारून पाहा. पण नवऱ्याची तयारी असल्याशिवाय बोलावू नका.

पण खरं सांगू? हे जातील की नाही या प्रश्नावर तुमचं आयुष्य टांगून ठेवायचं कारण नाही. तुमच्यासाठी वेगळी मीटिंग आहे.

तुमची स्वतःची मीटिंग

तिचं नाव 'ॲल-ॲनॉन'. पिणाऱ्याच्या घरच्यांची. नवरा पितो आहे की सोडली आहे, मीटिंगला जातो की नाही, याच्याशी तिचा काही संबंध नाही.

हिची गोष्ट अशी. बिल विल्सनची दारू सुटली तेव्हा त्याची बायको लोइस आनंदानं वेडी व्हायला हवी होती. सतरा वर्षांच्या संसारात तिनं त्याच्यासाठी काय काय केलं होतं! नोकरी करून घर चालवलं होतं. आणि आता तो रोज उठून मीटिंगला. एका रविवारी तो म्हणाला, "चल, आवर, उशीर होतोय." लोइसनं हातातला बूट त्याच्या दिशेनं भिरकावला! जळो तुझ्या त्या मीटिंगा, असं म्हणाली. आणि मग तिची तीच चकित झाली. नवरा शुद्धीवर आला तरी आपण आतून पेटलेल्याच आहोत, आपल्यालाही काहीतरी झालेलं आहे, हे तिला त्या बुटानं सांगितलं. पुढं नवरे आत मीटिंगला बसलेले असताना बाहेर थांबलेल्या बायका आपापसांत बोलू लागल्या, आणि १९५१ मध्ये लोइसनं एका मैत्रिणीच्या साथीनं त्या सगळ्या विखुरलेल्या गटांना एकत्र बांधलं. तेच ॲल-ॲनॉन. १९५७ पासून किशोरवयातल्या मुलांसाठी 'ॲलटीन' सुरू झालं.

तिथं बायकांना तीन गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतात. त्याचं पिणं तुमच्यामुळं सुरू झालेलं नाही. ते तुमच्या हातात नाही. आणि ते बरं करणं तुम्हाला जमणारं नाही. वाचायला सोपं वाटतं ना? पण ज्या बाईला सासरहून वर्षानुवर्षं ऐकावं लागलं आहे की, "तू नीट वागली असतीस तर तो कशाला प्यायला असता," तिला पहिलं वाक्य ऐकून रडू फुटतं.

आपण सगळ्या सिंधूच्या लेकी आहोत. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ला शंभर वर्षं होऊन गेली, तरी सोसणारी सिंधू हाच आपल्या मनातला पतिव्रतेचा नमुना. नाटक म्हणून ते थोरच आहे. पण सिंधूच्या सोसण्यानं सुधाकराचा प्याला एका घोटानं तरी कमी झाला का, हे एकदा विचारून पाहा.

ॲल-ॲनॉनमध्ये शिकतात ते सोसणं नाही आणि भांडणंही नाही. त्याला ते अलिप्त होणं म्हणतात. माणसापासून नव्हे, त्याच्या पिण्यापासून. म्हणजे प्रत्यक्षात काय? ऑफिसला खोटा फोन तुम्ही करायचा नाही, तो स्वतः करील. उधारीवाला दाराशी आला तर तुमच्या भिशीतून त्याचे पैसे भागवायचे नाहीत. उलटी झालेली चादर सकाळी तो उठायच्या आत धुऊन, काही घडलंच नाही असं करून ठेवायचं नाही. बाटली मोरीत ओतायची नाही, कारण तो दुसरी आणतोच, आणि घरखर्चात तुमचेच आणखी पैसे जातात. खिसे तपासायचे नाहीत. हे ऐकायला निष्ठूर वाटतं. पण आजवर त्याच्या पिण्याचा जो जो परिणाम त्याच्या अंगावर यायचा, तो मधल्या मधे तुम्ही झेलत आला आहात. मग त्याला सोडावीशी वाटावी कशी? मात्र पडून डोकं फुटलं, श्वास नीट नाही, हलवूनही जाग येत नाही, तिथं अलिप्तपणा नाही. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

त्या वेळात तुम्ही काय करायचं? मुलांना वेळेवर जेवू घालायचं, राहिलेली भजनी मंडळाची वारी पुन्हा धरायची, माहेरी खरं सांगायचं. आणि आपल्या नावाचं बँक खातं.

इथं मीटिंग पुरत नाही

दोन-तीन बाबतींत मात्र मीटिंगच्या आधी दुसरीकडं जायला हवं. हा भाग घाईनं वाचू नका.

रोज भरपूर पिणाऱ्यानं, "आजपासून बंद," म्हणून एकदम सोडली तर जिवाला धोका होऊ शकतो. सहा-आठ तासांत हात कापू लागतात, घाम, उलट्या, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काही जणांना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, माणूस सैरावैरा होतो, ताप चढतो. शेजारपाजारचे म्हणतात बाहेरची बाधा झाली. बाधा नव्हे, दारू अचानक तुटल्याची ही लक्षणं, आणि अशा वेळी तडक इस्पितळच. म्हणून सकाळी उठल्याउठल्या घोट लागणारा, आधी कधी फीट आलेला माणूस असेल तर घरच्या घरी शपथा घालू नका. सिव्हिल हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग किंवा व्यसनमुक्ती केंद्र, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. चार-सहा दिवस औषधं घेऊन शरीर मोकळं होतं, मग मीटिंग.

दुसरी गोष्ट त्या जाहिरातींची. 'न कळत दारू सोडवा', 'चहातून द्या'. भिंतीवर, रिक्षाच्या मागे, आता मोबाईलवरही. कृपा करून घेऊ नका. त्या पुडीत काय आहे ते कुणी सांगत नाही. दारूशी न जमणारं एक खरं औषध आहे, डायसल्फिराम त्याचं नाव. ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळतो, एखाद्याचा जीवही जातो. हे औषध डॉक्टर तपासण्या करून आणि रोग्याला स्पष्ट सांगून, त्याच्या संमतीनं देतात. तुम्ही चोरून आमटीत घातलंत आणि त्यानं बाहेर जाऊन क्वार्टर मारली, तर काय होईल याचा विचार करा. शिवाय पुढं त्याला कळलं, तर तुमच्या हातचं जेवायचाही त्याचा विश्वास उडतो.

तिसरं, मारहाण. नवरा हात उगारत असेल तर, "तो शुद्धीत नव्हता," हे कारण कायद्यालाही चालत नाही, तुम्हालाही चालू नये. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक, तातडीला ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानं तुम्हाला राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षण मागता येतं. अलिप्तपणा मनाचा, पण अंगावर हात येत असेल तर आधी सुरक्षित जागा.

आता पत्ता

घरातून, बाथरूमचा नळ सोडून, दबक्या आवाजात केलेला फोनही चालतो. १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा मदत क्रमांक, पैसे पडत नाहीत. जवळचं केंद्र कोणतं ते सांगतात. १४४१६, 'टेलि-मानस', २०२२ पासून सुरू झालेला, दिवसरात्र चालू, मराठीतून बोलता येतं. तो दारूपुरता नाही, तुमचंच मन फार खचलं असेल तरी करा. ए. ए. आणि ॲल-ॲनॉन यांची भारतातली संकेतस्थळं आहेत. मोबाईलवर ते नाव आणि आपल्या शहराचं नाव घातलं की मीटिंगची चौकशी कुठं करायची ते सापडतं. मोबाईल सगळे उघडून पाहतात अशी भीती असेल तर मैत्रिणीच्या मोबाईलवर पाहा.

पुण्यात येरवड्याला 'मुक्तांगण' आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं सुरू केलेलं. तिथं राहून उपचार होतात आणि पुढं गावोगावच्या पाठपुरावा गटांतून संबंध राहतो. पत्नींसाठीचा त्यांचा गट आहे, 'सहचरी'. नाव किती छान ठेवलंय! पिणाऱ्या बायकांसाठी तिथं वेगळा विभाग आहे. हो, बायकांसाठी. हे वाचणाऱ्यांपैकी एखादीचा प्रश्न नवऱ्याचा नसून स्वतःचा असेल. दुपारी घर रिकामं झालं की कपाटामागची बाटली निघत असेल. बाई, वर लिहिलेलं सगळं तुलाही लागू आहे, आणि केवळ बायकांच्या मीटिंगाही कुठं कुठं असतात. फोनवर तेवढं विचार.

फोन लागला की घाबरून ठेवून देऊ नका. आडनाव सांगायची गरज नाही. ओपन आहे की क्लोज्ड, भाषा कोणती, बायका येतात का, आणि शाळेत असेल तर कुठल्या फाटकानं आत जायचं, हे विचारून घ्या. संध्याकाळी शाळेचं मुख्य फाटक बंद असतं आणि नवी बाई बाहेरूनच परत फिरते, म्हणून हे शेवटचं विशेष करून सांगते. ओळखीचं कुणी भेटलं तर काय, ही धास्ती प्रत्येकीला असते. भेटलं, तर तीही त्याच कामासाठी आलेली असेल, आणि आतलं आत ठेवायचं हा नियम तिलाही आहे.

पहिली मीटिंग पटली नाही तर दुसऱ्या गटाला जाऊन पाहा. काही गटांत वयस्क मंडळी जास्त, कुठं इंग्रजी फार. एका गटावरून सगळ्याची पारख करू नका. निदान पाच-सहा वेळा जा. तुमच्या गावात गटच नसेल तर २०२० च्या टाळेबंदीपासून फोनवरून आणि मोबाईलच्या पडद्यावरून भरणाऱ्या मीटिंगा पुष्कळ झाल्या आहेत. त्यात चेहरा दाखवलाच पाहिजे असं नाही. गावातल्या मैत्रिणीशी संध्याकाळी गच्चीत गप्पा मारत बसल्याचं घरी वाटेल.

आणि दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत निघाला असाल तर आधी एक फोन करा. शाळा बंद असली की मीटिंगची जागा बदललेली असू शकते.